लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार आणि आपल्याकडची बंद झालेली भरती

सह्यकडा

फौजेच्या इतिहासात रस असणाऱ्यांसाठी हा धागा. बाकीच्यांनीही यावं, भांडायला हरकत नाही.

फ्रेडरिक रॉबर्ट्स. जन्म ३० सप्टेंबर १८३२, कानपूर. बाप कंपनीच्या फौजेत जनरल. लहानपणी मेंदूज्वरात उजवा डोळा गेला, अंगकाठी बुटकी, तरी १८५१ मध्ये बंगाल तोफखान्यात लागला. सत्तावन्नात दिल्लीच्या वेढ्यात होता, पुढे लखनौला. २ जानेवारी १८५८ ला खुदागंजला त्याने पळत्या शिपायांकडून निशाण हिसकावलं. त्यातल्या एकाने बंदूक अंगाला भिडवून चाप ओढला, पण ती उडालीच नाही. त्याच दिवशी आपल्या एका स्वारालाही त्याने वाचवलं. या दोन्हीबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस. मग अंबेला, अ‍ॅबिसिनिया, लुशाई टेकड्या, दुसरं अफगाण युद्ध, मद्रासचा सेनापती, १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचा सरसेनापती, पुढे फील्ड मार्शल, आयर्लंड, बोअर युद्ध, अर्ल. मरणही फौजेतच आलं. नोव्हेंबर १९१४ मध्ये ८२ वर्षांचा हा म्हातारा फ्रान्सला हिंदी पलटणींना भेटायला गेला आणि सेंट ओमेरला न्यूमोनियाने गेला.

हे झालं चरित्र. आता माझा मुद्दा.

रॉबर्ट्स घराघरात पोचला तो १८८० च्या काबूल ते कंदाहार कूचामुळे. ते कूच करावं लागलं कारण २७ जुलै १८८० ला मैवंदला जनरल बरोजची ब्रिगेड अयूब खानाने मोडली. ती ब्रिगेड बहुतांशी बॉम्बे आर्मीची होती. पुढे सरसेनापती झाल्यावर आणि निवृत्तीनंतरच्या आठवणींत हाच माणूस लिहितो, की मद्रासच्या शिपायात जुनी लढाऊ वृत्ती उरलेली नाही, आणि तीच गत बंगालच्या सामान्य हिंदुस्थानी माणसाची आणि मुंबईकडच्या मराठ्याची. लढवय्या जमातींपुढे यांना उभं करणं धोक्याचं, असा त्याचा निष्कर्ष. त्याच्याच कारकिर्दीच्या शेवटी, १८९२ च्या सुमारास, आपल्याकडची महारांची भरती बंद झाली.

मला वाटतं या दोन गोष्टींचा थेट संबंध आहे. मैवंद झालं नसतं तर रॉबर्ट्स लॉर्ड झाला नसता आणि कोकणातल्या शेकडो घरांची चाकरीही गेली नसती. तुम्हाला काय वाटतं?

खडूस

एक डोळा गेलेला माणूस तोफखान्यात. नेम धरताना डोळा मिटायचा त्रास वाचला म्हणायचं.

तोफखाना

धागा चांगला आहे, पण सुरुवातच फिर्यादीची झाली. आधी माणसाचं काम बघू.

काबूलहून ८-९ ऑगस्टला निघाला, ३१ ऑगस्टला कंदाहारात. ५०० किलोमीटरहून जास्त अंतर. सोबत दहा हजार सैनिक आणि सात-आठ हजार बिनलढाऊ माणसं: डोलीवाले, खेचरवाले, भिश्ती, सईस. चाकाची एकही तोफ घेतली नाही, सगळ्या पहाडी तोफा खेचरांच्या पाठीवर. ऑगस्टचा महिना, दिवसा अंगाची लाही आणि रात्री थंडी, वाटेत पाण्याची बोंब. रोज पहाटे अंधारात कूच, दर तासाला थोडी विश्रांती, दुपारी उन्हाच्या आत मुक्काम. शेवटच्या टप्प्यात तो स्वतः तापाने फणफणला होता, डोलीतून नेला. आणि पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी, १ सप्टेंबरला, लढाई देऊन अयूब खानाची छावणी तोफांसकट ताब्यात घेतली.

एवढा लवाजमा तीन आठवडे चालवणं, रोजचा दाणागोटा उभा करणं म्हणजे काय ते ज्याने एखादी दिंडी सांभाळलीय त्याला विचारा. रॉबर्ट्सची निम्मी नोकरी क्वार्टरमास्टर जनरलच्या खात्यात गेली होती. अ‍ॅबिसिनियाच्या मोहिमेत तो लढला नाही, झुला बंदरावर सामान उतरवत बसला होता. तिथे शिकलेलं इथे कामी आलं. पदकं फुकट मिळाली नाहीत त्याला.

माऊताई

पदकांचा विषय निघालाच आहे तर त्याच्या घोड्याबद्दल कुणी बोललं नाही! वोनोलेल नावाचा पांढरा अरबी घोडा, १८७७ मध्ये मुंबईत विकत घेतलेला. तेव्हा अरबी घोड्यांचा बाजार मुंबईतच. नाव ठेवलं लुशाईंच्या एका सरदाराचं, कारण रॉबर्ट्स त्या मोहिमेवर जाऊन आलेला. या घोड्यावर बसून तो कंदाहारला गेला, आणि राणीने घोड्याला अफगाण युद्धाचं पदक आणि कंदाहारचा तारा दिला. घोड्याला! १८९९ मध्ये डब्लिनला मेला, तिथेच पुरलाय.

मैवंदच्या बाजूलाही एक प्राणी आहे. ६६ व्या गोऱ्या पलटणीचा बॉबी कुत्रा. लढाईतून जखमी होऊन वाचला, चालत कंदाहारला पोचला, विलायतेला गेल्यावर त्यालाही राणीच्या हातून पदक. आणि नंतर बिचारा एका घोडागाडीखाली सापडून मेला.

खडूस

घोडा आणि कुत्रा दोघांना पदक. ज्या डोलीवाल्यांनी तापलेल्या रॉबर्ट्सला खांद्यावर नेलं त्यांची नावं कुणी लिहून ठेवली?

तोफखाना

@खडूस, बॉम्बे ग्रेनेडियर्सला 'कंदाहार १८८०' हा युद्धसन्मान मिळाला आहे, आणि कूचातल्या सगळ्या सैनिकांना काशाचा तारा मिळाला, हिंदी शिपायांनाही. अयूब खानाच्या पकडलेल्या तोफा वितळवून ते तारे ओतले होते. चांगली टोमणेबाजी चुकीच्या जागी नको.

निनाद_पुणे

तोफखानासाहेब, कूचाचं कौतुक मान्य, पण दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या.

पहिली: त्या कुचात वाटेत लढाई झालीच नाही. २२ जुलैला अब्दुर रहमान अमीर म्हणून जाहीर झाला होता. इंग्रज फौज काबूलहून एकदाची जावी यात त्याचाच फायदा, त्यामुळे त्याने वाटेतल्या टोळ्यांना गप्प राहायला आणि दाणापाणी द्यायला सांगितलं होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये डोनाल्ड स्ट्युअर्ट हीच वाट उलट्या दिशेने, कंदाहार ते काबूल, चालून आला. त्याला १९ एप्रिलला अहमद खेलला खरीखुरी लढाई द्यावी लागली, गाझी तलवारी घेऊन थेट रांगेत घुसले होते. स्ट्युअर्टच्या कुचाचा तारा निघाला नाही. वर्तमानपत्रांना थांबलेल्या श्वासाची गोष्ट हवी होती, ती रॉबर्ट्सची होती.

दुसरी: कंदाहारच्या सुटकेला दक्षिणेकडून, क्वेट्ट्याच्या बाजूने, बॉम्बे आर्मीचीच एक फौज निघाली होती. जनरल फेअर तिचा प्रमुख. त्याच्याकडे उंट नाहीत, खेचरं नाहीत, बोलन घाटात सगळं अडकलेलं. तो पोचेपर्यंत रॉबर्ट्सने काम उरकलं. म्हणजे बॉम्बेच्या खात्यावर आधी पराभव आणि मग उशीर.

जुनाजाणता

फेअर! अहो हा तोच रॉबर्ट फेअर. बडोद्याचा रेसिडेंट. नोव्हेंबर १८७४ मध्ये पपनसाच्या सरबतातून याला सोमल आणि हिऱ्याची पूड घातली म्हणून मल्हारराव गायकवाडांवर आळ आला. चौकशी आयोग बसला, तीन गोरे आणि तीन आपले. आपल्यातले ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. आपल्या तिघांना आरोप पटला नाही, गोऱ्या तिघांना पटला. सरकारने 'गैरकारभार' म्हणून मल्हाररावांना काढलंच, आणि मग नाशिककडच्या कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक येऊन सयाजीराव झाला.

तेव्हा या फेअरने सरबत पुरतं प्यायलं असतं तर कंदाहारला दुसराच कुणी अडकला असता.

माऊताई

काका, धागा बडोद्याला नेलात! पण आवडलं. कवळाण्याहून थेट बोलन घाट.

दर्यावर्दी

कंदाहारच्या आधीचं काबूल विसरू नका. सप्टेंबर १८७९ मध्ये काबूलच्या रेसिडेन्सीत इंग्रजांचा वकील कॅवान्यारी आणि त्याच्या सोबतचे गाइड्स पलटणीचे लोक मारले गेले. रॉबर्ट्स सूड घ्यायला गेला, चारासियाला लढाई मारली आणि काबूलात शिरला. काबूलच्या किल्ल्यात, बाला हिसारमध्ये, रेसिडेन्सीच्या पडक्या भिंतींसमोरच फाशीचे खांब रोवले. ८७ जणांना फाशी दिल्याचा आकडा येतो. कुणी रेसिडेन्सीवरच्या हल्ल्यात होता म्हणून, कुणी फक्त इंग्रजांविरुद्ध लढला म्हणून. अमीर तोवर गादीवर होता, म्हणजे इंग्रजांना अडवणारा अफगाण शिपाई स्वतःच्या राजाविरुद्ध बंडखोर ठरवला गेला. याच्यावर लंडनच्या पत्रांतही टीका झाली होती, पार्लमेंटात प्रश्न आले होते.

हाच माणूस २४ वर्षांचा असताना लाहोरला बंडवाल्या शिपायांना तोफेच्या तोंडी दिलेलं बघून आईला पत्र लिहितो, की दृश्य भयंकर होतं पण या दिवसांत फार नाजूक राहून चालत नाही. मला काबूलच्या रॉबर्ट्समध्ये तोच पोरगा दिसतो.

तोफखाना

तो काळच तसा होता. अयूब खानाच्या छावणीत रॉयल आर्टिलरीच्या कैदेतल्या लेफ्टनंटचा गळा चिरलेला सापडला तेव्हा कुणी पार्लमेंटात प्रश्न विचारले?

दर्यावर्दी

विचारले नाहीत, कारण अयूब खान पार्लमेंटाला जबाबदार नव्हता. रॉबर्ट्स होता. 'काळच तसा' म्हणताना त्याच काळातले त्याला शिव्या घालणारे इंग्रजही लक्षात घ्या.

रानवारा

मूळ मुद्द्यावर येतो. मैवंदला जी बॉम्बे ग्रेनेडियर्स होती तीच कोरेगाव भीमाची पलटण ना? १८१८ ला जिने पेशव्यांच्या फौजेला दिवसभर झुंजवलं तिच्यावरच रॉबर्ट्सने डाग लावला, हे फारच बोलकं आहे.

निनाद_पुणे

@रानवारा, नाही. कोरेगावला १ जानेवारी १८१८ ला होती ती बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन. ती पुढे दुसरी ग्रेनेडियर्स झाली. मैवंदला होती पहिली ग्रेनेडियर्स. सख्खी भावंडं म्हणा, पण माणसं वेगळी. सोबत ३० वी म्हणजे जेकब्ज रायफल्स, घोडदळात तिसरी बॉम्बे लाइट कॅव्हलरी आणि सिंध हॉर्स, सॅपर्सची एक तुकडी, गोऱ्यांची ६६ वी आणि रॉयल हॉर्स आर्टिलरीच्या सहा तोफा.

आणि डाग म्हणाल तर लढाई कशी झाली ते बघा. अडीच हजारांच्या आसपास माणसं, समोर कितीतरी पट फौज आणि तीस तोफा. जुलैचं ऊन, उघडं मैदान, पाणी मागे ओढ्याकडे. काही तास तोफांचा मारा खात तिथेच पडून राहायचा हुकूम. डाव्या टोकाला जेकब्ज रायफल्सच्या दोन कंपन्या, त्यात बरेच कच्चे रंगरूट, त्यांचा अधिकारी पडलेला. सगळ्यांत आधी त्या मोडल्या आणि ग्रेनेडियर्सवर येऊन कोसळल्या. साडेनऊशेहून जास्त ठार. ग्रेनेडियर्सची निम्म्याहून जास्त पलटण गारद. एवढं रक्त सांडलेल्या पलटणीला लढाऊ वृत्ती नाही म्हणायचं?

ब्रिगेड तिथे पाठवणारे, तोफा आणि पाणी यांचा हिशेब न करणारे सगळे वरचे गोरे साहेब होते. त्यांच्यातल्या कुणाची जमात लढाऊ यादीतून काढली नाही.

रानवारा

मग तर आणखीच झालं. धन्यवाद.

बारामतीकर

मैवंद अफगाणांच्या दृष्टीने काय आहे तेही लिहा कुणीतरी. मलालाईची गोष्ट. पदराचं निशाण करून पळणाऱ्यांना परत वळवणारी पोरगी. तिकडे शाळांना तिचं नाव आहे. आपण रॉबर्ट्सचं चरित्र चघळतोय आणि त्या लढाईतून खरी अजरामर झाली ती ही.

थेम्सकाठी

इथे लंडनमध्ये हॉर्स गार्ड्सच्या मैदानावर त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे. कबर सेंट पॉलमध्ये. मी बोअर युद्धाबद्दल लिहितो, कारण तिथे तोफखानासाहेबांचा रसदवाला रॉबर्ट्स गडगडला.

डिसेंबर १८९९ चा 'काळा आठवडा', इंग्रजांच्या लागोपाठ पराभवांचा. १५ तारखेला कोलेन्सोला इंग्रज सेनापती बुलरने मार खाल्ला. सोडून दिलेल्या तोफा परत आणायला जी पोरं धावली त्यांत रॉबर्ट्सचा एकुलता एक जिवंत मुलगा फ्रेडी होता. गोळ्या लागल्या, दोन दिवसांनी गेला. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस. बाप-लेक दोघांना क्रॉस अशा इतिहासात तीनच जोड्या आहेत. मुलगा गेल्याची तार आणि दक्षिण आफ्रिकेतलं सेनापतिपद रॉबर्ट्सला जवळजवळ एकदमच मिळाली. वय ६७. काही दिवसांत जहाजावर चढला.

आपल्याशी संबंध: त्या रणांगणावर नाताळमधल्या हिंदी लोकांचं डोलीपथक होतं, ते उभं करणारे गांधीजी. मैदानातून लेफ्टनंट रॉबर्ट्सला वाहून नेण्याचा मान आपल्या पथकाला मिळाला, असं गांधीजींनी लिहून ठेवलंय. आणि त्या वेळी त्यांना तो खरंच मान वाटत होता.

आता रसद. आल्या आल्या रॉबर्ट्सने पलटणींची स्वतःची वाहतूक मोडून सगळ्या गाड्या एका खात्याखाली आणल्या. गोंधळ उडाला. फेब्रुवारी १९०० मध्ये वॉटरव्हल ड्रिफ्टला बोअर सेनानी डी वेटने गाड्यांचा अख्खा तांडा, पावणेदोनशेच्या आसपास, पळवला. पार्डेबर्गला बोअर सेनापती क्रोन्ये शरण आला, ब्लूमफाँटेन पडलं, पण त्या गावात टायफॉइडने गोऱ्या सैनिकांचा फडशा पाडला. इस्पितळांची सोयच नव्हती. ५ जूनला प्रिटोरिया घेतलं आणि युद्ध संपलं असं समजून वर्षअखेर परत निघाला. युद्ध आणखी दीड वर्ष चाललं. बोअर शेतकऱ्यांची घरं जाळण्याचे हुकूम त्याच्या काळातले आहेत. त्याच्या जागी आलेल्या किचनेरच्या, बोअर कुटुंबांना डांबायच्या छावण्यांत पुढे २६ हजारांहून जास्त बायकामुलं मेली, काळ्या लोकांच्या छावण्या वेगळ्याच. सुरुवात म्हाताऱ्याने करून दिली होती. घरी आल्यावर अर्ल आणि एक लाख पौंड.

खडूस

एक लाख पौंड. पेन्शनसाठी आमच्या खात्यात हयातीचा दाखला देऊन देऊन लोक मरतात.

तोफखाना

@थेम्सकाठी, वाहतुकीचं मान्य. ती चूक त्याचीच होती, किचनेरने सुचवली असली तरी. पण लेडीस्मिथ, किंबर्ले सुटले आणि दोन्ही राजधान्या पडल्या ते सहा महिन्यांत. त्याच्या आधीच्या सेनापतींना एक नदी ओलांडता येत नव्हती.

शुभदा

सरसेनापती म्हणून त्याच्या आठ वर्षांतली एक गोष्ट इथे कुणी काढली नाही, मी काढते. १८८६ मध्ये त्याच्या मुख्यालयातून एक परिपत्रक निघालं. छावण्यांच्या लाल बाजारात, म्हणजे पलटणीच्या वेश्यावस्तीत, गोऱ्या शिपायांसाठी पुरेशा आणि 'आकर्षक' बायका असाव्यात, राहायची सोय बरी असावी, वगैरे. सरकारी कागदावर. पुढे अँड्र्यू आणि बुशनेल या दोन अमेरिकन बाया छावण्या-छावण्यांतून हिंडल्या, तिथल्या बायकांशी बोलल्या, आणि कायद्याने बंद झालेला हा प्रकार कसा चालूच आहे ते त्यांनी १८९३ मध्ये लंडनच्या समितीपुढे मांडलं. रॉबर्ट्सने आधी हात झटकले. नंतर माफी मागावी लागली.

त्याच वेळी त्याची बायको नोरा फौजी इस्पितळांत परिचारिका आणण्यासाठी पैसे जमवत होती, हेही खरं. एकाच बंगल्यातल्या दोन गोष्टी.

जुनाजाणता

शुभदाताई, चांगलं काढलंत. चरित्रकार मंडळी हे पान पटकन उलटतात.

दापोलीकर

आता मूळ प्रश्न. मी दापोलीचा, आमच्या कॅम्पात एकेकाळी पेन्शनर सुभेदार-हवालदारांची वस्ती होती. रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ इथेच राहिले. ते फौजेच्या शाळेत शिक्षक होते. बाबासाहेबांनी स्वतः लिहिलंय, की कंपनीच्या फौजेत शिक्षण सक्तीचं होतं, शिपायांच्या पोरांना आणि पोरींनाही. गावात ज्यांना शाळेच्या पायरीवर बसू देत नव्हते त्यांना पलटणीत अक्षर मिळत होतं, पगार मिळत होता, आणि सुभेदार झाला की सवर्ण शिपाईही सलाम ठोकत होता.

१८९२ च्या सुमारास हे सगळं एका फटक्यात बंद. महाडकडचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः निवृत्त हवालदार, यांनी १८९४ मध्ये सरसेनापतींना उद्देशून अर्ज लिहिला. आमच्या लोकांची आजवरची चाकरी बघा आणि भरती पुन्हा उघडा. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये हाच विषय थेट लंडनच्या भारतमंत्र्यांपर्यंत नेला. आपल्याकडच्या दलित चळवळीचे पहिले कागद बघा, त्यात मंदिरप्रवेश नंतर येतो, फौजेतली भरती आधी.

आमच्या घरातही तीन पिढ्या फौजेत आणि मग एकदम गिरणी. आजोबा सांगायचे, की त्यांच्या आजोबांनी पोराला डेपोवर नेलं तर साहेबाने जात विचारून परत पाठवलं. तेव्हा रॉबर्ट्सचं नाव आमच्याकडे कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. परत पाठवणारा समोरचा साहेब तेवढा दिसला.

सह्यकडा

@दापोलीकर, धागा काढला तो याचसाठी. मनापासून आभार.

निनाद_पुणे

दापोलीकरांच्या प्रतिसादानंतर हे लिहिणं कोरडं वाटेल, पण सह्यकडा म्हणतात तसा सरळ दोरा मैवंदपासून १८९२ पर्यंत मला दिसत नाही. तीन कारणं.

सत्तावन्नानंतर पंजाब, गुरखे, पठाण यांच्याकडे झुकणं आधीच सुरू झालं होतं. दिल्लीच्या वेढ्यात रॉबर्ट्सच्या शेजारी लढले ते हेच. कुमाऊँ आणि सिरमूरचे गुरखे, गाइड्स, शीख. पंचविशीतल्या तरुणावर ते बिंबलं, आयुष्यभर पुसलं नाही. कंदाहारच्या कुचात त्याने निवडलेल्या हिंदी पलटणी बघा: गुरखे, शीख, पंजाब इन्फंट्री. बॉम्बे-मद्रासची एकही नाही. म्हणजे मैवंदच्या आधीच मन बनलेलं होतं, मैवंदने पुरावा दिला.

मग रशिया. १८८५ मध्ये अफगाण सरहद्दीवरच्या पंजदेहवरून युद्ध पेटायची वेळ आली होती. वायव्य सरहद्दीवर रशियन फौजेशी लढायचं तर कुणाला उभं करायचं, हा त्याच्या डोक्यातला एकच प्रश्न. महाराष्ट्रात पन्नास वर्षं लढाई नव्हती, पेशवाईनंतर पलटणी छावणीत बसून होत्या.

आणि शेवटी, हा एकट्याचा निर्णय नव्हता. फौजेची पुनर्रचना कशी करायची यावर १८७९ पासून आयोग आणि अहवाल चालू होते. तीन इलाख्यांच्या फौजा मोडून एक करणं हे १८९५ मध्ये झालं, तेव्हा रॉबर्ट्स विलायतेला होता. मिश्र पलटणी काढून एकेका जातीच्या पलटणी करायच्या ठरल्या, की ज्यांची अख्खी पलटण भरत नाही ते बाहेर पडणारच. बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, अधिकारी बॉम्बे आर्मीत केवढे होते! तेही असेच बाहेर गेले.

दर्यावर्दी

निनाद, तुमचं तिसरं कारण म्हणजे 'खात्याने केलं'. खात्याचा प्रमुख आठ वर्षं कोण होता?

निनाद_पुणे

तोच. म्हणून जबाबदारी त्याची आहेच. मी फक्त कारण मैवंद नाही म्हणतोय.

तोफखाना

इथे मी निनादशी अर्धाच सहमत. कंदाहारात शिरल्यावर किल्ल्यातल्या शिबंदीबद्दल त्याने काय लिहिलंय ते वाचा. भिंती शाबूत, चार हजारांच्या घरात माणसं, आणि सुटकेची फौज जवळ येईपर्यंत यांनी झेंडासुद्धा चढवला नव्हता, असा त्याचा संताप. मैवंदहून पाय ओढत, तहानेने अर्धमेले होऊन आलेली माणसं, वर १६ ऑगस्टला शहराबाहेरच्या देह खोजा गावावरच्या चढाईत आणखी शंभरेक गमावलेले. त्यांचे चेहरे पडलेले असणारच. त्याने ते पडलेले चेहरे बघितले आणि मुंबई इलाख्याबद्दल मत करून घेतलं. माणूस मला आवडतो हे तुम्हाला कळलंच आहे, पण हा न्याय नव्हता.

खडूस

धाग्याच्या इतक्या खाली येऊन तोफखानासाहेब रॉबर्ट्सच्या विरोधात बोलले. तारीख नोंदवा.

बेळगावकर_मी

पुढे काय झालं ते कुणी लिहिणार की नाही? मराठ्यांची भरती पूर्ण बंद पडली नव्हती, पलटणी उरल्या. पहिल्या महायुद्धात त्या मेसोपोटेमियात गेल्या. १०३, १०५, ११०, ११७ वगैरे. ११० वी कूट-अल-अमाराच्या वेढ्यात शेवटपर्यंत उपाशी लढली. ११७ वीला मेसोपोटेमियातल्या कामगिरीबद्दल 'रॉयल' किताब मिळाला. ज्यांना दक्षिण हिंदुस्थानाबाहेर नेऊ नये असं म्हातारा म्हणाला होता ते टायग्रिसच्या काठी तुर्कांशी लढले. माणसं कमी पडायला लागल्यावर १९१७ मध्ये १११ वी महार पलटणही उभी केली आणि युद्ध सरताच मोडली. गरज सरो वैद्य मरो. शेवटी १ ऑक्टोबर १९४१ ला आमच्या बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली ती आजतागायत आहे.

आणि क्रॉसचं म्हणाल, तर हिंदी शिपायाला १९११ पर्यंत व्हिक्टोरिया क्रॉस मिळायची मुभाच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव, दोघेही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे. घाडगे मरणोत्तर, वय २२.

रानवारा

+१. घाडग्यांचा पुतळा माणगावला आहे, गोवा रस्त्याने जाणाऱ्यांनी थांबून बघावा.

सह्यकडा

बऱ्याच जणांनी वेळ काढून लिहिलंत. निनादचं एक म्हणणं मला पटलं: कंदाहारला निघताना त्याने बरोबर कोण घेतलं ते बघितलं, की मत आधीच होतं हे कळतं. पण तोफखानासाहेबांचा शेवटचा प्रतिसाद वाचून उलट मैवंदचं वजन वाढतं. कलकत्त्याच्या कचेरीत बाकीच्यांना पटवायला आकडे लागतात आणि गोष्ट लागते. गोष्ट त्याला मैवंदने पुरवली, सांगणारा क्रॉस लावलेला कंदाहारचा विजेता, मग समोर बोलणार कोण? म्हणून मी माझ्या शीर्षकावर ठाम आहे.

त्याच्या फ्रान्सच्या शेवटच्या खेपेचं मात्र मला कोडं आहे. ३१ ऑक्टोबर १९१४ ला खुदादाद खानाने पहिला हिंदी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, दोन आठवड्यांत हा तिथे पोचला. लाहोर आणि मीरत डिव्हिजनच्या जवानांना कडाक्याच्या थंडीत भेटत हिंडला आणि त्यातच गेला. हिंदी शिपायावर त्याचं प्रेम नव्हतं असं म्हणता येणार नाही. कुठल्या शिपायावर, एवढंच.

दर्यावर्दी

गढवाल रायफल्स होते ना मीरत डिव्हिजनमध्ये? म्हणजे पुन्हा त्याचेच लाडके. कोडं कसलं त्यात.

माऊताई

बेने इस्रायली अधिकाऱ्यांवर कुणीतरी वेगळा धागा काढा. निनाद, तुम्हालाच सांगतेय.

निनाद_पुणे

काढतो, पण फेअरच्या सरबतावर आधी जुनाजाणता काकांनी लिहायला हवं.

जुनाजाणता

रविवारी लिहितो. मल्हाररावांचा वकील सर्जंट बॅलंटाइन याच्या उलटतपासणीसकट.